काळी पूड

"ही काजळी दाखवायला बोलावलंस आम्हाला?" विभागप्रमुखांनी बुचाची काचेची नळी चिमटीत धरून हलवली. तळाशी थोडी काळी पूड होती.

शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई बसल्या होत्या. या संशोधनाच्या कामावर पहिलं नाव कुणाचं लागणार, हे त्या आज ठरवणार होत्या. समोर उभी होती विभागप्रमुखांची पुतणी. घरी ती त्यांना काका म्हणे, इथे सर. प्रयोगशाळेत तिला जागा आपणच मिळवून दिली, हे काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. तिचा प्रयोग बघायला मात्र वर्षभरात एकदाही फिरकले नव्हते.

"लोखंडाचं ऑक्झलेट हवा लागू न देता तापवलं, सर. त्यातला सेंद्रिय भाग वायू होऊन निघून जातो. मागे उरतं ते निव्वळ लोखंड. इतकं बारीक, की हवा लागली तर..."

"तर गंजेल! हे शाळेतलं पोरही सांगेल." ते बाईंकडे वळून हसले. "हिच्या आईच्या हातचं दूधही करपायचं, बाई. खाण तशी माती."

पुतणीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तरी तिनं हात पुढे केला. "काका, बूच नका काढू."

"इथे मी सर आहे," म्हणत त्यांनी बूच उपटलं आणि पूड टेबलावरच्या कागदांवर ओतली.

पूड कागदापर्यंत पोचलीच नाही. वाटेतच तिच्या ठिणग्या झाल्या. कागद भडकले, सरांच्या कोटाची बाही धुमसू लागली. "पाणी! अरे पाणी आणा!" सर खुर्चीवर चढून ओरडले. पुतणीनं आधी जाड हातमोज्यानं त्यांची बाही दाबून विझवली, मग कोरड्या वाळूची बादली टेबलावर उपडी केली.

धूर विरला. परीक्षक बाई वाळूकडे बघत राहिल्या. "हवा लागताच आपोआप पेटणारं लोखंड! वा, सुरेख!"

'वा' कानावर पडताच सर खुर्चीवरून उतरले. कोट झटकला, घसा साफ केला. "माझंच काम आहे हे, बाई. पहिल्यापासून मीच करवून घेतलं हिच्याकडून. म्हटलं, तुम्हाला प्रत्यक्षच दाखवावं."

आयत्या बिळावर नागोबा बसला होता, तोही फणा काढून.

बाईंनी त्यांच्या जळक्या बाहीवर नजर टेकवली.

"काम तुमचं असतं," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही बूच काढलं नसतं."