उलटी सावली

ऑनलाइन खेळातलं जुनाट गाव मेधाने नव्याने रंगवत आणलं होतं. चपटी घरं, ठोकळ्यांसारखी झाडं, सगळं बदललं. वेशीबाहेरची विहीर तेवढी तिने मागे ठेवली होती.

ती विहीर तिच्या नवऱ्याने, श्रीरंगने काढलेली. सूर्य पश्चिमेला, आणि रहाटाची सावलीही पश्चिमेलाच! तिने चूक दाखवली तेव्हा तो हसला होता, "राहू दे गं. कुणाच्या लक्षात येतंय?" पण खेळणाऱ्यांच्या आलं. "उलट्या सावलीपाशी भेटू," असं ते एकमेकांना सांगू लागले. श्रीरंग वारल्यापासून मेधाही खेळात शिरून तिथेच जाऊन बसायची.

विहीर नवी करायची, पण सावलीला हात लावायचा नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं. ऑफिसात सांगायला मात्र तिची जीभ रेटली नव्हती.

"ताई, विहीर मी उरकली," शेजारच्या टेबलावरून अन्विता म्हणाली. "तुम्ही किती दमला होतात! सावली उलटी होती, तीही पुसून नीट काढली."

मेधाने पाहिलं. सावली पूर्वेला पडली होती.

"छान झालीय गं," ती म्हणाली.

सावली पुन्हा उलटी काढणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. पण मग ती श्रीरंगची चूक राहिली नसती.