सर्व्हर नाही म्हणाला

"अगं, सर्व्हर ‘नाही’ म्हणतोय ना? मग तुझा कोड पुन्हा पुन्हा का विचारतोय?" केळुसकर सरांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्या स्क्रीनवर बोट टेकवलं.

कोड साधाच होता. दूरच्या सर्व्हरला एखाद्या फाइलचा आकार आणि तारीख विचारायची, एवढंच त्याचं काम. पण ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर आलं, की तो जरा थांबून परत तेच विचारायचा.

"नेटवर्क गेलं, उत्तरच आलं नाही, तर पुन्हा विचार बापडी. पण स्पष्ट नकार हेही उत्तरच असतं, ऋजुता. ते ऐकायचं आणि पुढं जायचं. उगाच कुणाच्या मागं लागू नये."

"मग सर, माझा राजीनामा?"

राजीनामा दिल्यापासून ते मला रोज चहाला बोलवून विचारत होते, "थांबतेस ना?" आणि मी रोज नाही म्हणत होते.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, लॅपटॉप उघडला आणि राजीनामा मंजूर केला.

"कोड मात्र नामंजूर," ते म्हणाले. "तो दुरुस्त केल्याशिवाय इथून हलायचं नाही."