विणकाम आणि कार्बोरेटर

“वहिनी, तुम्ही जरा आत बसा,” दीर म्हणाला. “आणि ते विणकामही घेऊन जा.”

गॅरेजच्या दाराशी टाकलेल्या स्टुलावरून ती उठली खरी, पण पाय निघेना. समोर एक जुनी मोटार बॉनेट वर करून उभी होती आणि नवरा हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिच्यावर वाकला होता. दिराने नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. गॅरेजात अर्धा वाटा त्याचा. सकाळपासून त्याचं एकच टुमणं चाललं होतं. दादाला ऐकू येत नाही, बहिऱ्याच्या हाती लोकांच्या गाड्या द्यायच्या नाहीत, आता कुलूप लावा. समोरच्याचे ओठ वाचायला नवरा एव्हाना सरावला होता. शेवटी तो उखडला. “आण कुठलीही गाडी. तिचा कार्बोरेटर लावून दाखवतो. नाही जमलं तर गॅरेजची किल्ली तुझी!”

कान गेले होते, हे खरंच होतं. नवरा-बायकोत त्याबद्दल कधी अवाक्षर निघालं नव्हतं. पण काही वर्षांपूर्वी एकदा इंजिन आचके देत होतं आणि हा बाबा आपला स्क्रू पिळतोच आहे, हे तिने पाहिलं आणि काय समजायचं ते समजली. दुसऱ्या दिवसापासून ती समोर विणत बसू लागली. इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्बोरेटर लावायचा म्हणजे सगळा कानाचा खेळ. स्क्रू आत गेला की पेट्रोल कमी पडून इंजिन अडखळतं, बाहेर आला की पेट्रोल जास्त होऊन जडावतं. मधे केसाएवढी एक जागा असते, तिथे ते सुखाने चालतं. ती जागा आली की तिच्या सुया थांबायच्या. नवऱ्याची नजर तिच्याकडे असायची. त्याचाही हात थांबायचा. गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्रीच्या कानाला तोड नाही! ती मान खाली घालून टाके मोजायची.

तर हे सगळं दिराने हेरलं होतं. ती मागच्या खोलीत गेली आणि त्याने दार ओढून घेतलं. जुने टायर, ऑइलचे डबे आणि ती. आता कुणी खुणावणार नव्हतं. हे गॅरेज गेलं तर हा माणूस जगेल कशाच्या जोरावर, हे तिला कळेना.

बाहेर इंजिन सुरू झालं. कसलं ते चालणं! दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखं धापा टाकत होतं. स्क्रू आत गेला. इंजिन अडखळलं, आता बंद पडतंय असं वाटलं. मग स्क्रू हळूहळू बाहेर यायला लागला. आवाज भरत गेला, धाप कमी झाली. तिचे हात आपोआप विणत होते. आलं, आलं, आता बस्स, आणि तिच्या सुया थांबल्या. स्क्रू मात्र एक केस पुढे गेला.

“अहो, मागे या,” ती बंद दाराशी पुटपुटली. “मागे या हो!”

आणि तो मागे आला. अगदी त्याच जागी, आणि तिथेच थांबला. इंजिन असं चालायला लागलं की चालू आहे की नाही तेच कळू नये. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. भिंतीपलीकडे, कान नसलेल्या माणसाला, ती जागा कुणी सांगितली? तिने नकळत हात जोडले.

दार उघडून ती बाहेर आली. दीर तोंडाचा आ वासून उभा होता.

“किल्ली तुझ्याकडेच राहू दे, दादा,” तो कसाबसा म्हणाला. “वहिनी, चुकलो मी.” आणि खाली मान घालून निघून गेला.

ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. “अहो, ऐकू येतं तुम्हाला?”

“छे गं! कानाशी नगारा बडवलास तरी नाही.” पहिल्यांदाच तो हे तोंडाने बोलला होता.

“मग आज जमलं कसं?”

त्याने मडगार्डवर टेकवलेला डावा तळहात उचलून दाखवला. “ह्याने. तुझ्या सुया थांबल्या की हाताखालची थरथर कशी असते, ते मनात घोकत गेलो. वर्षाच्या आत पाठ झालं. तूच तर शिकवलंस.”

ती स्टुलावर बसली. वर्षाच्या आत! त्यानंतर तिचे घरातल्या सगळ्यांना स्वेटर करून झाले होते, शेजाऱ्यांना करून झाले होते, आता कुणाला करायचे हा प्रश्न होता. डोळे भरून आले आणि रागही आला.

“काय माणूस आहात हो! पाठ झालं होतं, तर इतकी वर्षं माझ्याकडे कशाला बघत होतात?”

नवऱ्याने फडक्याला हात पुसले.

“दोन्ही हात कामात असायचे,” तो म्हणाला. “डोळे मोकळे होते.”