कुणालाच लागत नाही

स्क्रीन पुन्हा काळी झाली. शीलाने की-बोर्डवर हात आपटला.

कालपासून हेच चाललं होतं. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत ऑफिसचं मशीन टेबलावर मांडलेलं, बाजूला लिनक्स या सिस्टीमच्या सीड्या, आणि मशीन काही केल्या नांदायला तयार नव्हतं. संध्याकाळी ते ठाण्याच्या छापखान्यात नेऊन चालवून दाखवायचं होतं. नाही दाखवलं तर नोकरी गेली. वडील, म्हणजे आबा, वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात कामाला होते त्याला टाळं लागल्यापासून घरात पगार तेवढा एकच यायचा.

शीला ‘पेटी’ नावाचा प्रोग्राम लिहीत होती. लिनक्सवर एक प्रोग्राम बसवायचा तर त्याला आणखी चार लागतात, त्या चारांना आणखी कुणी. एकाला आमंत्रण दिलं की अख्खी आळी जेवायला येते. पेटीला एका ओळीचा हुकूम टाइप करून द्यायचा, की कुणाला कोण लागतं ते बघून ती सगळ्यांना आणून बसवायची. हे काम ती झकास करायची. छापखान्यातल्या लोकांना कळावं म्हणून शीलाने तिला इंग्रजी अक्षरांत मराठी बोलायला शिकवलेलं.

घोडं अडलं होतं सफाईपाशी. मशीन जुनं, जागा थोडी. म्हणून जे कुणालाच लागत नाही ते पेटीने शोधून काढून टाकायचं. पेटी शोधायची, काढायची, आणि मशीन मरायचं. शीलाने प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चूक कुठेच नव्हती. असती तर बरं झालं असतं.

“चहा टाकू?” आबांनी दारातून विचारलं. वडील सकाळपासून असेच घुटमळत होते. मघाशी पंखा तिच्याकडे वळवला, मग पाण्याचा तांब्या आणून ठेवला. “काही लागलं तर सांग हां.”

“मला काही लागत नाहीये, आबा! मध्ये मध्ये येऊ नका ना.”

“बरं,” म्हणून ते खिडकीशी जाऊन बसले. कारखाना बंद पडल्यापासून आबा फार ‘बरं’ म्हणायला लागले होते. जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस आता घरात कुठे बसावं ते विचारून बसायचा.

शीलाने सगळं पहिल्यापासून पुन्हा बसवलं. अर्धी दुपार त्यात गेली. या वेळी तिने पेटीला दर वेळी विचारायला लावलं: काढायच्या प्रत्येक गोष्टीचं नाव, खाली प्रश्न, आणि हो किंवा नको. हुकूम दिला. डिस्क कुरकुरत राहिली. तेवढ्यात ऑफिसातल्या सरांना फोन करून यावं म्हणून ती खालच्या पीसीओवर गेली.

“सर, फक्त उद्यापर्यंत...”

“मशीन घेऊन ये,” विठ्ठल सर म्हणाले, “नाहीतर राजीनामा घेऊन ये.” फोन ठेवला गेला.

जिना चढताना तिला रडू फुटलं. डोळे पुसून ती आत आली, तर आबा तिच्या खुर्चीत. एक बोट की-बोर्डवर.

“आबा! काय केलंत?”

ते दचकून उठले. “ते विचारत होतं गं. तू नव्हतीस. एकेकाचं नाव घेऊन विचारत होतं, काढू का? मी सगळ्यांना नको म्हटलं.” मग खाली बघत म्हणाले, “एकदा काढलं की कुठे जायचं त्यांनी?”

शीला ओरडणार, तोच तिची नजर स्क्रीनवर गेली. तिथे एकाखाली एक तेच वाक्य पसरलं होतं. कुणालाच लागत नाही. काढू? ते तिनेच लिहिलं होतं. आणि आबा ते एकटे बसून वाचत होते.

मग त्या वाक्यांवरची नावं तिने पहिल्यांदा नीट वाचली. टाइप केलेला हुकूम ऐकणारा प्रोग्राम. फायली वाचून देणारा. बाकीच्यांना उभं करणारा. सगळं मशीन ज्यांच्या जिवावर चालतं, तेच. ‘मला हा लागतो’ असं त्यांच्याबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं, कारण ते असणारच हे प्रत्येकाने धरून चाललेलं. भाजीच्या कृतीत चूल लागते असं कोण लिहितं? पेटी बिचारी लिहिलेलं तेवढंच वाचत होती, आणि दर वेळी चूलच उचलून बाहेर टाकत होती.

शीलाने पेटीत एक ओळ वाढवली: यांच्याबद्दल विचारायचंच नाही. सफाई पुन्हा चालवली. फालतू तेवढं गेलं. मशीन जिवंत राहिलं.

“आबा, मॉनिटर जड आहे हो,” ती म्हणाली. आबा तोवर चपला घालून उभे होते.

छापखान्यात विठ्ठल सर आधीच येऊन बसले होते. शीलाच्या हातात मशीनचा डबा, मागे घामाने निथळलेले आबा, मॉनिटर छातीशी धरून. सरांना वाटलं हमाल आहे. “ठेव तिकडे,” ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष दोघांच्या सारख्या चेहऱ्यांकडे गेलं आणि ते जरा वरमले.

“हे तुझे कोण लागतात?”

शीलाने डबा खाली ठेवून मॉनिटरची दुसरी बाजू धरली.

“लागतात, सर,” ती म्हणाली. “मला लागतात.”