सगळ्यांचा वाढदिवस

आमच्या चर्चच्या तळ्याकाठच्या उन्हाळी शिबिरात बुधवारी सगळ्या मुलांचा वाढदिवस एकदमच असतो. आईबापांपासून दुरावून, सरकार ठेवेल तसं या परक्या घरातून त्या परक्या घरात फिरणारी ही मुलं; खरा वाढदिवस घर बदलण्यात राहूनच गेलेला, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा केक. मी शिबिराची आजी, मेणबत्त्या पेटवणारी. सगळ्यांनी फुंकर मारून खायला सुरुवात केली, आठ वर्षांची डेलिया मात्र डोळे मिटून बसलेली. तळ्यावरचं ऊन तिच्या चेहऱ्यावर तरंगत होतं. मेणबत्ती वितळून केकवर ओघळली. "ही झोपली बघ आजी, हिचा केक मी खाऊ?" शेजारच्या कोल्टननं विचारलं. "गप रे, फुंकर मारायच्या आधी मनात काहीतरी मागतेय ती," मी म्हटलं. अखेर डेलियानं डोळे उघडले. "काय मागितलंस गं एवढं?" "काहीच नाही. सकाळी बायबलचं वचन पाठ करतो ना, तसे सगळ्यांचे चेहरे पाठ करत होते. परवा इथून जायचंय. आजी, हलू नकोस. तू राहिलीस."