छत्र्यांचा किनारा

वाळूत पाऊल टाकण्याआधी सत्यवतीने चपला काढून हातात घेतल्या.

“बाई, वाळू तापलीय. पाय भाजतील,” ग्रेसी म्हणाली.

“असू द्या, ताई. ह्यांच्या कामाची जागा हाय.”

ग्रेसी वसईची. इटालियन कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होती. सत्यवती आखातातल्या मनामा शहरात एका डॉक्टरांच्या घरी स्वयंपाकाला. तिचा नवरा दत्ताराम याच किनाऱ्यावर कामाला होता आणि गेल्या उन्हाळ्यात याच किनाऱ्यावर बुडून गेला. कंपनीतल्या एका साहेबाची मुलगी वाहून चालली होती. तिला वाचवताना. आता सत्यवती कायमची गावी निघाली होती. विमान दुसऱ्या दिवशीचं. जाण्याआधी तिने ऑफिसात येऊन एकच मागणं केलं होतं, ती जागा मला एकदा बघू द्या. तो जिवंत असताना तिला इथे कधी येता आलं नव्हतं. फाटकाच्या आत फक्त साहेबांची कुटुंबं येत.

शहराबाहेर, अस्कर गावाच्या पलीकडे, ओसाड जागी, इटालियन लोकांनी आपल्या गावचा किनाराच जणू आणून मांडला होता. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या छत्र्या, दोरी धरून आखल्यासारख्या ओळीत. प्रत्येक छत्रीखाली कापडी खुर्च्या. मागे कपडे बदलायला रंगवलेल्या लाकडी खोल्या आणि कडेला कॉफीचं टपरीवजा दुकान. कुठली छत्री कुणाची हे हंगामाच्या सुरुवातीलाच ठरायचं. पहिली रांग मोठ्या साहेबांची. इटलीत म्हणे असंच असतं, वर्षानुवर्षं तीच छत्री, तेच शेजारी. दत्ताराम सकाळी वाळू विंचरून सपाट करायचा, छत्र्या उघडायचा आणि उन्हं उतरली की मिटायचा.

सत्यवतीने एका छत्रीच्या दांड्यावर हात ठेवला. दांडा चांगलाच जाड होता.

“ह्या समद्या ते एकटेच उघडायचे?”

“हो.”

“भेटले की खांदं दुखतात म्हणायचे. मला वाटायचं, उगंच म्हणतात.”

पहिल्या रांगेतून एक बाई उठून त्यांच्याकडे आली. सिन्योरा, म्हणजे बाईसाहेब, ओर्नेल्ला; त्याच साहेबाची बायको. तिच्यामागे तिची मुलगी पिएरा, सातेक वर्षांची. दत्तारामने वाचवलेली ती हीच. सिन्योराने सत्यवतीचे दोन्ही हात धरले आणि रडू लागली. सत्यवती तशीच उभी राहिली. तिला काय करावं कळेना. मुलीकडे मात्र ती एकटक बघत होती.

मग सिन्योरा ग्रेसीकडे वळली. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “हिला माझा एक प्रश्न विचार. विचारलं नाही तर मला झोप येणार नाही. मी ओरडत होते. तो धावत पाण्यापर्यंत आला आणि थांबला. नुसता उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. मग आत गेला. का थांबला तो? लगेच गेला असता तर दोघंही परत आले असते.”

हे बोलणं ग्रेसीने ऑफिसातही ऐकलं होतं. माणूस शूर होता, पण कचरला, असं लोक म्हणायचे. ती स्वतः समुद्राकाठी वाढलेली. तिच्या गावात पोरं होडीवरून धाडधाड उड्या मारत. तिनेही मनात तेच म्हटलं होतं. पण ते या बाईला, तिच्या तोंडावर, आज कसं सांगायचं?

“काय म्हंत्यात त्या?” सत्यवतीने विचारलं.

ग्रेसीने नजर समुद्राकडे वळवली.

“सांगा, ताई. आता मला काय व्हायचं राहिलंय?”

ग्रेसीने खाली मान घालून सगळं सांगितलं.

तेवढ्यात पिएरा आईचा झगा ओढत काहीतरी बोलली. आईने तिला दटावलं. मुलगी पुन्हा बोलली, या वेळी ग्रेसीकडे बघून, शाळेतल्या इंग्रजीत.

“तो पोहत नव्हता. तो चालत होता.”

“घाबरली होती, म्हणून असं काहीतरी सांगत असते,” सिन्योरा डोळे पुसत म्हणाली.

“नाही! तो चालत चालत आला. मग खड्डा आला आणि तो खाली गेला. त्याने मला खांद्यावर उभं केलं. तो पाण्याच्या आत होता. माझे पाय धरले होते, घट्ट. हारूनची होडी येईपर्यंत सोडले नाहीत.”

तिथला समुद्र लांबपर्यंत छातीभरच. फक्त मधे बोटींसाठी खणलेला खोल चर होता. हारून होडीवाल्याने मुलीला वर ओढून घेतलं, तेव्हा तिच्या डोक्यावरचे केससुद्धा नीट भिजले नव्हते, हे ग्रेसीनेही ऐकलं होतं. कुणी त्याचा विचार केला नव्हता.

तिने मुलीचं बोलणं शब्दाला शब्द मराठीत सांगितलं.

सत्यवतीने चपला खाली ठेवल्या. ती वाळूत गुडघ्यांवर बसली आणि मुलीचे दोन्ही घोटे हातांत घेतले. मुलगी दचकली नाही. सत्यवतीने घोट्यांवरून अंगठे फिरवले, सावकाश, पुन्हा पुन्हा. सिन्योरा बघत राहिली.

मग सत्यवतीने मान वर केली.

“त्यांना सांगा, ताई,” ती म्हणाली, “आमचं गाव माणदेशातलं. तिथं ना नदीला पाणी, ना तळ्याला. ह्यांना पवायलाच येत नव्हतं.”