टाकीवरचे दहा दिवे

सौरवादळाने जगभरातले संगणक जळाले, त्याला सहा दिवस झाले होते. ऑक्सिजनच्या टाकीतला साठा दाखवणारा पडदाही बंद पडला होता, त्यामुळे किती साठा उरलाय, हे रुग्णालयात कुणालाच कळत नव्हतं. म्हणून डॉक्टर परुळेकरांनी सगळ्या रुग्णांचा ऑक्सिजन निम्म्यावर आणला होता.

आयटीआयच्या निवृत्त शिक्षिका हेमलता गावस जुन्या लॉजिक चिप्स घेऊन आल्या.

"या कशा वाचल्या, बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

"अगदी साध्या आहेत. हो किंवा नाही, एवढंच कळतं त्यांना."

बोटं भाजली तरी त्या चिप्सना दहा एलईडी दिवे सोल्डरिंग करून जोडत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी तारा टाकीतला दाब मोजणाऱ्या सेन्सरला जोडल्या आणि दहापैकी सात एलईडी पेटले, म्हणजे टाकी अजून सत्तर टक्के भरलेली होती.

डॉक्टर धावतच वॉर्डात गेले. प्रत्येकाचा ऑक्सिजन त्यांनी स्वतः वाढवला.

हेमलताबाई नर्सला विचारत होत्या, "तालुक्यात अशा आणखी किती टाक्या आहेत?"